श्री पांडुरंग यांचं संमतिपत्र

"गुरजी, ह्यांना पांडुरंगाचं ओळखपत्र पायजे."

अपेक्षा हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली की माझा भगरीचा घास हातातच राहिला. एकादशी होती. गंगाखेडला बन्सीधरच्या ओसरीवर आम्ही दोघं फराळाला बसलो होतो, आणि ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर.

"कोण्या पांडुरंगाचं?" बन्सीधरनं विचारलं.

"आपल्याच. विटंवरल्या."

बन्सीधर तिचा बाप, आणि आमच्या पंचक्रोशीतला मृदंगवाला. कीर्तनात वाजवणारा तोच आणि फाटलेला मृदंग मढवून देणाराही तोच. सप्ताह कुठलाही असो, बन्सी आला म्हटलं की महाराजांचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढतो, हे मी गेली पंचवीस वर्षं टाळ धरून शेजारी उभा राहून बघत आलोय. अपेक्षा त्याची एकुलती एक लेक. इंजिनियर झाली, सहा वर्षं पुण्यात रबराचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात राहिली, आणि आता नेदरलँड्स देशात जाऊन स्वतःचा उद्योग काढायचा म्हणून तिनं उद्योजकांच्या व्हिसाचा अर्ज केला होता. त्या अर्जाला आलेलं हे उत्तर.

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. पिंगळीच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि आता आमच्या भजनी मंडळाचा सचिव आहे. ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या राहिल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण तिकडं, अपेक्षा जी वस्तू विकणार ती कुणी वापरून बघितली का, याचं पत्र हवं होतं. अपेक्षा म्हणाली, "गुरजी, चार ओळी लिहून द्या. मंडळानं वापरली, चांगली हाय, बस." मी तीन दुपारी खर्ची घातल्या आणि दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर कीर्तनाचा महिमा. दुसऱ्यावर मृदंगाचा. आणि शेवटी, माझ्या मते कळस, असा की या वाद्याचे आणि त्यातल्या सर्व कलेचे मालक श्री पांडुरंग असून श्री बन्सीधर आणि त्यांची कन्या हे त्यांचे बिनपगारी चाकर आहेत, व येथील सर्व काम सेवा म्हणून चालते.

आता तुम्हीच सांगा, यात खोटं एक अक्षर आहे का? बन्सीधरला अर्थ सांगितला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिकडच्या इमिग्रेशन खात्यात ज्या कुणी ते वाचलं त्यांच्या डोळ्यांत काही आलं नसावं. त्यांनी प्रश्न पाठवले. मालक श्री पांडुरंग यांचं ओळखपत्र आणि लेखी संमती जोडावी, उद्योगात त्यांचा वाटा किती तेही कळवावं. त्यांच्याकडं माणसं बिनपगारी का राबतात, याचा खुलासा करावा. आणि अर्जदार धार्मिक सेवेसाठी येत असेल तर हा व्हिसा त्यासाठी नाही, याची नोंद घ्यावी. उत्तराला चौदा दिवस.

"अन् न्हाई दिलं तर?" बन्सीच्या बायकोनं, सगुणावहिनींनी, आतून विचारलं.

"तर हाय तसाच अर्ज बघतेल. म्हंजी नापास." अपेक्षानं लॅपटॉप मिटला. "ती तिकडची संस्था हाय ना माय, माझ्या कामाची हमी घेणारी, ती काय माझ्यासाठी थांबणार न्हाई. दुसऱ्या कुणाला हाताशी धरील. मी परत पुण्याला, गाड्यांच्या सीटाखालचं रबर तपासायला."

मी भगर तशीच ठेवून हात धुतले.

तिची वस्तू काय होती ते सांगायला हवं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक थापावी लागते. त्या कणकेनंच तो घुमारा येतो, जो कानात न राहता थेट पोटात जाऊन बसतो. कीर्तन संपलं की खरवडून टाकायची, दुसऱ्या दिवशी नवी. आपल्याकडं त्यात अवघड काही नाही. कीर्तन तिथं पंगत, आणि पंगत तिथं पीठ. पण तिकडं थंडीत घरं गरम ठेवतात. त्या कोरड्या हवेत कणीक अर्ध्या तासात तडकते. तिकडच्या मराठी घरांतली लेकरं फोनवरून बन्सीकडं मृदंग शिकायची आणि दर रविवारी त्यांच्या आया गालिच्यावरनं कणकेचे तुकडे वेचायच्या. अपेक्षानं त्यावर एक चकती काढली. मऊ, रबरासारखी, बरोबर कणकेच्या वजनाची. थापली की चिकटते, ओढली की निघते, नळाखाली धुता येते.

म्हणजे आता चिकटते. पहिल्यांदा चिकटायची कमी आणि उडायची जास्त. एका सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला महाराजांनी गजर धरला, टाळकरी नाचायला लागले, बन्सीधरनं डाव्या हातानं जो दणका दिला तशी चकती सुटली आणि थेट महाराजांच्या छातीवर, तुळशीच्या माळेच्या जरा खाली, जाऊन बसली. महाराज मुरलेले. त्यांनी ती अलगद काढली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "काल्यात देवानं आज आमाला पोळी फेकून वाढली!" अख्खा मंडप हसला. अपेक्षा मात्र बायकांच्या बाजूला बसून वहीत लिहीत होती: किती मिनिटांनी सुटली, ऊन किती होतं, हाताला घाम होता का. अशा एकोणीस चकत्या झाल्या. विसावी सात दिवस हलली नाही. त्या सप्ताहात मी डोळे मिटून ऐकलं आणि कणीक आहे की चकती, मला ओळखता आलं नाही. बन्सीधरला आलं. पण तोही म्हणाला, "चालतंय."

असो. चौदा दिवसांतले पहिले काही आम्ही परभणीच्या एका एजंटापायी घालवले. त्याच्या टेबलावर खेळण्यातलं विमान होतं आणि बोलताना तो ते सारखं उडवायचा.

"लय सोपं काम हाय," तो म्हणाला. "पांडुरंग नावाचे पन्नास माणसं निघतेल तुमच्या गंगाखेडात. एक धरा, त्याची सही घ्या, जरासा वाटा लिवून टाका. मागल्या तारखांचं पावतीपुस्तक मी छापून देतो. व्हिसाची गॅरंटी माझी."

"कोणचा पांडुरंग धरू म्हणता?" बन्सीधरनं अगदी शांतपणे विचारलं.

"कोणचाबी. आमच्या खाली चहावाला हाय, पांडुरंगच हाय त्यो. आत्ता हाक मारतो."

बन्सीधर उठला, टोपी सारखी केली, "रामकृष्ण हरी" म्हणाला आणि जिना उतरला. खाली त्या पांडुरंगाच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. चांगला होता चहा, आलं घातलेला. बिचाऱ्याला पत्ताही नाही की वरच्या मजल्यावर तो परदेशातल्या कंपनीचा भागीदार होता होता राहिला.

मग मला मैथिली आठवली. पिंगळीला माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी. वडील रेल्वेत होते, पुढं बदली होऊन पूर्ण्याला गेले आणि तिथंच घर बांधलं. ही वकील झाली. परदेशात धंदा काढू पाहणाऱ्यांचे कागद बघणं हेच तिचं काम, आणि ज्या देशाचं प्रकरण असेल तिथला एक परवानाधारक वकील ती जोडीला घेते. वडील वारल्यावर आई एकटी, म्हणून महिन्यातले पंधरा दिवस ती पूर्ण्यातूनच काम करते. फोन केला तर म्हणाली, "गुरुजी, उद्याच या. आणि सगळे कागद आणा, नको वाटतील तेसुद्धा."

गाडीत अपेक्षा माझ्याशी बोलत नव्हती. पिंगळी आलं तेव्हा मी सवयीनं शाळेच्या बाजूला बघितलं.

"गुरजी," ती म्हणाली, "तिथं आता इंग्रजी कोण शिकवतंय?"

"कुणीतरी नवीन बाई आहेत."

"बरं झालं. लेकरं वाचली."

बोलली, एवढंच मी मनाशी धरलं.

मैथिली दारातच माझ्या पाया पडली, तिनं आम्हाला पंख्याखाली बसवलं आणि माझं पत्र वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तिचे ओठ घट्ट मिटले. "एक मिनिट हं," म्हणून ती आत गेली. आतून आधी एकीचं हसणं ऐकू आलं, मग दोघींचं. थोड्या वेळानं तिची आई बायनाबाई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या.

"गुरजी, देवाला नोटीस आली म्हणं?"

"आली," मी म्हणालो.

"मुदत किती दिली?"

"चौदा दिवस."

"अठ्ठावीस युगं उभा हाय बिचारा. चौदा दिवस काढील की." त्यांनी पेले ठेवले आणि पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेल्या.

मैथिली डोळे पुसत येऊन बसली. "गुरुजी, इंग्रजी छान आहे. एक स्पेलिंग चुकलेलं नाही. पण हे मंडपात वाचायचं होतं, फायलीत नाही लावायचं." आणि तिनं लाल पेन काढला. माझ्या काळी लाल पेन माझ्याकडं असायचा.

"काका," ती बन्सीधरकडं वळली, "आधीच सांगते. व्हिसा मिळेलच असं मी म्हणणार नाही. असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला तर उठून यायचं."

"उठूनच आलोय बाई."

"आणि खोटा शब्द एकही जाणार नाही. ते लोक काही तुमच्यावर चिडलेले नाहीत. त्यांना कळलं नाही म्हणून विचारलंय. त्यांना कळेल असं खरं सांगायचं, एवढंच माझं काम." तिनं पेनाचं टोपण काढलं. "सप्ताहात वाजवता, त्याचं काय घेता?"

"काय घ्यायचं? सेवा हाय ती."

"आणि कुणाचा मृदंग फाटला, तो मढवून दिलात तर?"

"त्याची घडणावळ."

"ती सेवा नाही?"

बन्सीधरनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही वकीलबाईंना व्यवहारच कळत नाही. "कातडं काय फुकट येतं का? अन् चार दिवस पाठ मोडून वाद्या ओढायच्या. वाजवणं देवाचं. मढवणं माझ्या हाताचं. घडणावळ सांगून घेतो मी, लपून न्हाई."

मैथिली भराभर लिहीत होती. "अपेक्षा तिकडं कीर्तनात वाजवायला चाललीय?"

"छ्या! तिला ठेका धरता येत न्हाई धड."

"दादा!" अपेक्षा बापावर ओरडली.

"खरं सांगायचं म्हणल्या ना वकीलबाई."

"म्हणजे ती घडवायला आणि विकायला चाललीय. घडणावळीच्या कामाला," मैथिली म्हणाली. "मग धार्मिक सेवेचा प्रश्न मिटला, आणि बिनपगारी चाकरांचाही मिटला."

इतकं सोपं होतं. आयुष्यभर कीर्तनं ऐकली, इंग्रजी शिकवलं, आणि बन्सीच्या तोंडात रोज असलेले दोन शब्द मी एकाच पोत्यात भरून पाठवले होते.

"आता पहिला प्रश्न," मैथिली म्हणाली. "ही चकती कुणाची?"

"पांडुरंगाची."



"घडवली कुणी, काका?"

"आमी दोघांनी. डोकं तिचं, कान माझा. पर मालक त्यो."

"कागदावर मालक म्हणून तुमचं दोघांचं नाव घालावं लागेल. पांडुरंग हे आमचं दैवत आहे, कुणी भागीदार नाहीत, हे मी नीट समजावून लिहिते. पण कुणीतरी माणूस मालक लागतो."

बन्सीधरनं आपल्या तळहातांकडं बघितलं. वादी ओढून ओढून त्याच्या बोटांना घट्टे पडलेत. "मी मालक, असं लिवून खाली सही करू? न्हाई जमायचं बाई मला."

"दादा, निस्ता कागद हाय," अपेक्षा म्हणाली.

"कागद हाय म्हणूनच. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिवलेलं ऱ्हातं. माझ्या बापानं उभ्या जन्मात मृदंगाला 'माझा' म्हणलं न्हाई. 'आपल्याकडं हाय' म्हणायचा."

"बन्सी," मी मध्ये पडलो, "देव काय एवढ्यावरून..."

"तुमी गप ऱ्हावा गुरजी!" बाप-लेक एकदमच म्हणाले. त्या दिवसात त्यांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

"मग ऱ्हाऊ द्या," अपेक्षाचा आवाज आता चढला होता. "मी जाते घरी. कणीक मळते. सप्ताहाला सप्ताहाला कणीक मळून देते, लय मऊ मळीन. दोन वर्षं उन्हातान्हात वही घेऊन तुमच्या मागं फिरले, एकोणीस वेळा लोक हसले माझ्यावर. कामून? तर माझ्या बापाला एक सही करवंना."

 बन्सीधरला राग आला असता तर बरं वाटलं असतं. त्याची मान खाली गेली होती. लेकीचं नुकसान होतंय हे त्याला दिसत होतं, आणि तरी हात उचलत नव्हता.

मला वाटलं आता मैथिली त्याची समजूत घालेल, चार गोष्टी सांगेल. तिनं पेन मिटला. "मनाविरुद्ध सही घेऊन मी हा कागद पाठवणार नाही, काका. उद्या त्यांनी फोन करून विचारलं की मालक कोण, तर तुम्ही पुन्हा पांडुरंगच म्हणणार. मग सगळंच फसेल. आधी जेवून घ्या."

बायनाबाईंनी पिठलं-भाकरी केली होती, सोबत लसणाचा ठेचा.  बायनाबाई "अजून अर्धी घ्या" म्हणत फिरत होत्या आणि न विचारता अख्खी वाढत होत्या.

जेवण झाल्यावर मैथिलीनं बाकीचे कागद चाळायला घेतले. मृदंगाची लाकडी खोडं आणि कातडी गंगाखेडच्या शेडातच तयार होऊन तिकडं जाणार, असं अपेक्षानं आराखड्यात लिहिलं होतं. शेड बन्सीधरच्या वावराच्या कडेला आहे, म्हणून जमिनीचा सातबारा लावायचा होता. मैथिलीनं तो त्याच्यापुढं सरकवला. "काका, नाव आणि गट नंबर बरोबर आहे का तेवढं बघा."

बन्सीधरनं चष्मा चढवला आणि अक्षरांवरून बोट फिरवायला लागला. एका जागी बोट थांबलं. पुढं जाईना.

"गुरजी, हितं काय लिवलंय?"

मी वाकून वाचलं. "भोगवटादाराचं नाव. त्याखाली तुझं नाव."

"मालकाचं नाव कुठं हाय?"

मी शोधलं. मग मैथिलीकडं बघितलं.

"सातबाऱ्यावर मालक असा शब्द नसतो, काका," ती म्हणाली. "जमीन मुळात सरकारची धरतात. तुम्ही ती कसता, विकू शकता, लेकीला देऊ शकता. हक्क तुमचे आहेत. पण शब्द भोगवटादार."

"म्हंजी एवढी वर्षं मी माझ्या वावराचा मालक न्हाई?"

"भोगवटादार आहात."

"अन् तरी कुणी माझं वावर काढून घेतलं न्हाई."

"कसं घेतील? हक्क तुमचे आहेत."

बन्सीधरनं चष्मा काढला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते आलं, जे समेवर अचूक उतरल्यावर येतं. "मग बाई, चकतीचाबी सातबारा करा की! मालक कोण ते त्याचं त्याला ठावं हाय, त्याला कागदात कशाला ओढायलाव आपण? मला भोगवटादार लावा. आत्ता सही करतो."

मैथिली एकदम हसली, आणि मग हसता हसता थांबली. तिनं खात्याचं पत्र पुन्हा पुढं ओढलं, एका ओळीखाली बोट धरलं. "काका, ह्याला इंग्रजीत सरळ शब्द आहे. राइट्स होल्डर. हक्क ज्याच्याकडं आहेत तो. आणि त्यांना तरी दुसरं काय हवंय? घडवायचे आणि विकायचे हक्क कुणाकडं, एवढंच. मालक हा शब्द त्यांनी आपल्याच पत्रातून उचललाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ठेच्याच्या वाटीकडं बघितलं.

तिनं तिथल्या वकिलाला फोन लावला. दोघं बराच वेळ इंग्रजीत बोलले. मी कान देऊन ऐकलं. सत्तर टक्के कळलं. तो माणूसही एकदा मोठ्यानं हसला, पण शब्द बरोबर आहे म्हणाला. फक्त एक गोष्ट त्यानं काढली. कंपनी अपेक्षाच्या एकटीच्या नावानं निघणार, तर हक्क दोघांत अर्धे राहून चालायचं नाही. बन्सीधरचा अर्धा भाग लेकीकडं लेखी जायला हवा.

"तसं नको," अपेक्षा घाईनं म्हणाली. मघाचा राग कुठल्या कुठं गेला होता. "दादाचं नाव ऱ्हाऊ द्या. आपण दुसरं काही तरी काढू. दादाच्या कानाबिगर चकती झालीच नसती."

"आमच्यात ह्याला फेरफार म्हणतेत," बन्सीधर म्हणाला. "करा."

"दादा, घाई कामून?"

"घाई न्हाई. माझ्या आज्यानं बापाला दिलं, बापानं मला. कुणी लिवून दिलं न्हाई, लागलंबी न्हाई. पोराला कोण इचारतंय, कुठून आणलं म्हणून? पोरीला इचारतेत. तुला दिलेलं लिवलेलंच बरं. उद्या भावकीतलं कोणी उठून म्हणायला नको."

मैथिलीनं मजकूर मराठीत आणि इंग्रजीत असा समोरासमोर टाइप केला. मराठी तिनं त्याला दोनदा वाचून दाखवला. 'पांडुरंग आमचं आराध्य दैवत असून' इथं त्यानं मान डोलावली, 'हक्क धारण करणारा' इथंही डोलावली. मग जीभ दातांत धरून, एकेक अक्षर मढवावं तशी, सही केली. अपेक्षा हात धुवून येते म्हणून मागच्या अंगणात गेली ती बराच वेळ आली नाही. बायनाबाई तिच्या मागं टॉवेल घेऊन गेल्या आणि त्याही तिकडंच राहिल्या.

मग माझी पाळी. मैथिलीनं कोरा कागद पुढं ठेवला. "चार ओळी, गुरुजी. मी इथंच बसलेय."

मंडळानं विसावी चकती एका सप्ताहात सातही दिवस वापरली. त्यात ती एकदाही सुटली नाही. आवाज कणकेच्या जवळ जातो. आम्ही आणखी घेणार आहोत. चौथ्या ओळीनंतर माझा हात थोडा पुढं सरकला होता, तिनं कागद काढून घेतला. अपेक्षाच्या वहीतली एकोणीस फसलेल्या चकत्यांची टिपणं मात्र तिनं सगळी लावली. "हे तुझं खरं भांडवल," ती अपेक्षाला म्हणाली. "एवढ्या वेळा आपण होऊन चुकलेलं कुणी दाखवत नाही."

दहाव्या दिवशी सगळं रवाना झालं.

त्यानंतरचे सहा आठवडे सगुणावहिनींनी रोज सकाळी एकच प्रश्न विचारला, "आलं का हालंडचं?" आणि अपेक्षानं रोज एकच उत्तर दिलं, "माय, आलं तर तुला झोपंतून उठवीन." आलं ते भर दुपारी. वहिनी जाग्याच होत्या, तरी तिनं त्यांना गदगदा हलवलं.

व्हिसा एका वर्षाचा मिळाला. पुढचं कामावर, तिथं काय उभं राहिलं ते बघून. मी म्हणालो, एकच वर्ष? बन्सीधर म्हणाला, "लय झालं की. आपला सप्ताह सात दिसांचाच असतो, त्यात किती होतं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर दोघं शेडात होते. बन्सीधर खाली मांडी घालून बसला होता, समोर अपेक्षा, आणि मध्ये मृदंगाचं उजवं तोंड, अजून कोरं. त्या तोंडावर जो काळा गोल असतो ती शाई. लोखंडाची भुकटी आणि भाताची खळ एकत्र मळून, पातळ थरावर थर देत, दगडानं घोटत बसवायची. मृदंगाचा गोडवा तिच्यात असतो. ती किती घट्ट मळायची, कुठल्या थराला थांबायचं, हे बन्सीधरनं आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. मी पंचवीस वर्षं त्या शेडात बसलो, पण शाईची वेळ आली की तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. लेकीलासुद्धा म्हणायचा, तू तुझी चकती बघ.

"कागद झाला," तो तिला सांगत होता. "आता ताबा घे."

अपेक्षानं फोन काढला, रेकॉर्ड करायला.

"फोन ठिव तिकडं. तुझ्या हाताला सांगायलोय, फोनला न्हाई."

तिनं फोन माझ्याकडं दिला. मी तो खिशात घातला आणि दाराशी पोत्यावर बसलो. कुणी बस म्हटलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नव्हतं.

तिनं शाई मळली, थर दिले, घोटले, बोटानं टिचकी मारली. बन्सीधरनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. नाही. तिनं सगळं खरवडलं. पुन्हा मळलं. पुन्हा नाही. विमान अकरा दिवसांवर होतं, बॅगा भरायच्या होत्या, आणि दोघांपैकी कुणालाच त्याची फिकीर दिसत नव्हती. ऊन शेडाच्या उंबऱ्यापर्यंत आलं, आत आलं, त्याच्या गुडघ्यावर चढलं. चौथ्यांदा घोटून झाल्यावर तिनं टिचकी मारली, मग जरा थांबून आणखी एक.

"अहो, उठा की आता जेवायला," सगुणावहिनींनी घरातून हाक दिली. "किती येळ झाला वाजवायलाव!"

बन्सीधरनं लेकीकडं बघून मान डोलावली. वहिनींना वाटलं होतं, तोच वाजवतोय. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.